छडीचा कारभार

इटलीचा आणि आमच्या मुलखाचा जो एक संबंध सरकारी दप्तरी नमूद आहे, तो रोगणाचा आहे. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याने १९२० साली लोरेंझो चेक्कोनी नावाच्या एका इटालियन तज्ज्ञास, त्याचा साहाय्यक काउंट ओर्सिनी याच्यासह, अजिंठ्यास पाचारण केले. भिंतीपासून सुटू पाहणारा रंगाचा थर जागच्या जागी धरून ठेवावा आणि खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली आलेल्या त्या अमोल दौलतीचे आयुष्य वाढवावे, हा त्यामागील हेतू होता, आणि दोन हिवाळे लेण्यांत खपून त्या दोघांनी तो बऱ्याच अंशी तडीस नेलाही. परंतु हे करीत असता त्यांनी चित्रांवरून लाखेच्या रोगणाचा जो हात फिरवला, तो काळाच्या ओघात पिवळा पडला, मग काळवंडला, आणि मूळ रंग कोणता व वरचे रोगण कोणते याचा निवाडा करण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची पुढे कित्येक वर्षे खर्ची पडली. सारा दोष या दोघांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, कारण त्यांच्याही आधी चित्रकार मेजर गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या अमदानीत, नकला काढण्याच्या सोयीसाठी, त्या भिंतींना रोगण लागलेलेच होते.

चेक्कोनीचा दुसरा हिवाळा अजिंठ्यात चालू असतानाच, २६ डिसेंबर १९२१ रोजी, मिलान शहरातील ला स्काला हे जगद्विख्यात नाट्यगृह महायुद्धामुळे पडलेल्या खंडानंतर पुन्हा उघडले. व्हेर्दीच्या ‘फाल्स्टाफ’ या ऑपेराने त्याचा आरंभ झाला, आणि वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभा होता आर्तुरो तोस्कानिनी, ज्याने उमेदीची सारी वर्षे चेक्कोनीच्या बरोबर उलट कामात घालवली होती. गायकांच्या हौसेने, श्रोत्यांच्या हट्टाने आणि सुस्तावलेल्या वहिवाटीने जुन्या ऑपेरांवर जे रोगण चढवले होते, ते खरवडून काढणे, हेच त्याने आपले जीवितकार्य मानले होते. आपल्या जिल्ह्यातील एका इतिहासाची आणि दूरच्या एका कलेची अशी गाठ पडलेली दिसल्यावर तिच्याकडे पाठ फिरवणे मला जमले नाही.

या माणसाच्या पेशाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘वाद्यवृंद-संचालक’ हा शब्द छापण्यास शोभतो, परंतु बोलण्यात कोणी वापरीत नाही. ‘कंडक्टर’ म्हणावे तर आमच्या डोळ्यांपुढे एस.टी.तील तिकिटांचा पंच उभा राहतो, आणि मुंबईत तर ‘ऑपेरा हाऊस’ असा पुकारा करणारा कंडक्टर बेस्टच्या गाडीवर पिढ्यान्‌पिढ्या होता, मात्र त्याचा संगीताशी काही संबंध नव्हता. आमच्या शहरातील जाफर गेटच्या आठवडी बाजारात एकदा जुन्या तबकड्यांच्या ढिगाऱ्यात मला छडी उगारलेल्या एका वृद्धाचे चित्र असलेले वेष्टन मिळाले. हा कोण, असे मी सहज विचारले, तेव्हा विक्रेत्याने क्षणभर निरखून, ‘बँडमास्टर है साब, बहुत गुस्सेवाला दिखता,’ असा निर्वाळा दिला. माझ्या वाचनात आलेल्या अनेक चरित्रलेखांपेक्षा तो अधिक नेमका होता, कारण ते वृद्ध गृहस्थ तोस्कानिनीच होते आणि त्यांच्या रागाची कीर्ती त्यांच्या कलेइतकीच दूरवर पसरली होती. तरीही ‘बँडमास्टर’ पुरेसा नाही. मला विचाराल तर आपल्या भाषेत या पदाला बसणारा शब्द एकच आहे, तो म्हणजे कारभारी.

कारभारी हा राज्याबरोबर जन्मत नाही. राज्य विस्तारते, सरदार माजतात, हिशेब हाताबाहेर जातो, तेव्हा तो अवतरतो. आणि एकदा अवतरला म्हणजे शिक्का धन्याचा राहतो व मुखत्यारी त्याच्याकडे जाते. साताऱ्याच्या गादीचे आणि पुण्याच्या वाड्याचे जे झाले, तेच थोड्याफार फरकाने इटालियन रंगभूमीवर झाले.

फ्लॉरेन्स शहरात पित्ती राजवाड्यात ६ ऑक्टोबर १६०० रोजी, मारिया दे मेदिची हिच्या फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्याशी झालेल्या विवाहाच्या सोहळ्यात, याकोपो पेरी याचा ‘एउरिदिचे’ हा ऑपेरा झाला. आज संपूर्ण उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऑपेरा तोच. म्हणजे मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसवून आमच्या या शहराचा पाया घातला, त्याच्या अवघ्या दहा वर्षे आधी ही कला नुकती जन्मास आली होती. तिला तेव्हा कारभाऱ्याची गरज नव्हती. रचनाकार स्वतः वाद्याशी बसे, आणि पुढे तर करारनाम्यातच अशी अट असे की नव्या ऑपेराच्या पहिल्या तीन रात्री त्याने जातीने सेंबालोपाशी, म्हणजे त्या काळच्या पेटीसारख्या तारांच्या वाद्यापाशी, बसावे. त्यानंतर पहिला व्हायोलिनवादक आपल्या गजाच्या खुणेने गाडा ओढीत राही. हातात काठी घेऊन ताल धरण्याची रीत फ्रान्समध्ये होती, आणि तिचा सर्वांत प्रसिद्ध बळी मूळचा फ्लॉरेन्सचाच: तेथे १६३२ साली जन्मलेला आणि चौदाव्या लुईच्या दरबारात मोठ्या मनसबीस चढलेला लुल्ली. राजाच्या आजारातून उठण्याप्रीत्यर्थ १६८७ च्या जानेवारीत झालेल्या स्तोत्रगायनाच्या वेळी, जमिनीवर आपटण्याची जड काठी त्याने चुकून स्वतःच्याच पायावर मारून घेतली, जखम चिघळली, आणि मार्चमध्ये तो वारला. छडीच्या इतिहासातील आरंभीची हकीकत ही अशी आहे.

इटलीत मात्र खरा अंमल गायकांचा होता. प्रत्येक मोठा गायक म्हणजे स्वतंत्र जहागीरदार. त्याला आवडेल तेथे त्याने थांबावे, हव्या त्या ताना जोडाव्या, दुसऱ्याच ऑपेरातील आपले हुकमी पद मध्येच घुसडावे, आणि खालच्या वादकांनी तोंडाकडे पाहत त्याच्या मागून यावे. प्रेक्षक आपल्या सज्जांत जेवत, गप्पा मारीत, नाट्यगृहाच्या दालनात जुगारही खेळत, आणि आवडते पद आले म्हणजे तेवढ्यापुरते गप्प होत. रोस्सिनीच्या काळापर्यंत हे खपून गेले. परंतु व्हेर्दीचे वाद्यलेखन जसजसे दाट आणि गुंतागुंतीचे होत गेले, तसतसे पहिल्या व्हायोलिनच्या गजाने ते आवरेनासे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आंजेलो मारियानी याच्या रूपाने इटलीला पहिला नामांकित कारभारी लाभला. व्हेर्दीचा तो जिवलग स्नेही होता; पुढे दोघांत वितुष्ट आले, आणि १८७१ साली बोलोन्यात वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ इटलीत प्रथम उभा करून मारियानीने ते वितुष्ट जाहीरच केले. धनी आणि कारभारी यांच्या कलहाची ही कथा मराठी वाचकास अपरिचित वाटू नये.

तोस्कानिनी २५ मार्च १८६७ रोजी पार्मा येथे एका शिंप्याच्या पोटी जन्मला, तेथील संगीतविद्यालयात चेलो शिकला, आणि एकोणिसाव्या वर्षी एका फिरत्या ऑपेरा मंडळीबरोबर चेलोवादक म्हणून ब्राझीलला गेला. रिओ द जनेरो येथे ३० जून १८८६ च्या रात्री मंडळीत तंटा होऊन संचालक निघून गेला, त्याच्या जागी उभ्या राहिलेल्यास प्रेक्षकांनी ओरडून खाली उतरवले, आणि तेव्हा, ऑपेराचा मजकूर तोंडपाठ असल्याचे ठाऊक असलेल्या सहकाऱ्यांनी या पोरास पुढे ढकलले. त्याने समोरची वही मिटली आणि व्हेर्दीचा ‘आयदा’ आरंभापासून अखेरपर्यंत स्मरणातून उभा केला. दृष्टी अधू असल्याने पाठांतर ही त्याची पुढे आयुष्यभराची गरजच ठरली. परंतु अशा गरजेतून जी सत्ता निर्माण होते ती वही वाचणाऱ्यास कधी लाभत नाही, कारण ज्याच्या डोळ्यांपुढे कागद नाही त्याची नजर सर्व वादकांवर असते. पुढील वर्षी तोच तरुण ला स्कालात दुसऱ्या चेलोवर बसून व्हेर्दीच्या ‘ओथेल्लो’च्या पहिल्या प्रयोगात वाजवीत होता, आणि दहा वर्षांच्या आत, १ फेब्रुवारी १८९६ रोजी, तोरिनो येथे पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’चा पहिला प्रयोग त्याच्या छडीखाली झाला.

ला स्कालाचा कारभार १८९८ साली त्याच्या हाती आला आणि जहागिऱ्या जप्त होण्यास प्रारंभ झाला. प्रयोगात दिवे मंद झाले, स्त्रियांना आपल्या भव्य टोप्या उतरून ठेवाव्या लागल्या, गायकांच्या पदरच्या ताना छाटल्या गेल्या. आणि सर्वांत मोठा हुकूम असा सुटला की कोणत्याही पदाची पुनरावृत्ती होणार नाही. १९०३ च्या हंगामाच्या शेवटच्या प्रयोगात श्रोत्यांनी एका गायकाच्या पदासाठी आरडाओरड करून नाटक रोखून धरले, तेव्हा तोस्कानिनी प्रयोग अर्ध्यावर टाकून निघून गेला आणि ला स्कालाचे तोंड त्याने तीन वर्षे पाहिले नाही.

येथे मला आपल्या संगीत नाटकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळीचा ‘इंदरसभा’चा खेळ पाहून स्फूर्ती घेतली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे; आणि पारशी मंडळ्या आपल्या गायनप्रधान खेळांना ऑपेरा म्हणवून घेत, हेही जाणकारांस ठाऊक आहे. नाव आले, गाणे येथलेच होते, परंतु ऑपेराचा कारभारी मात्र आला नाही. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असे दिग्गज होते, परंतु त्यांनी नटाच्या मुखाकडे पाहून साथ करावयाची, हाच संप्रदाय. आणि ‘वन्स मोअर’ हा तर प्रेक्षकांचा वतनी हक्कच होता, त्या हक्काच्या वसुलीत नाटकाची पहाट होई. तोस्कानिनी जर त्या काळी एखाद्या मराठी थिएटरात येता, तर पहिल्या अंकातच छडी मोडून स्टेशनकडे चालू लागता. आपले चुकले असे मी म्हणत नाही. ज्या संगीतात लिहिलेला कागद प्रमाण नाही, तेथे कागदाचा पहारेकरी नेमणे हा शुद्ध अव्यापारेषु व्यापार झाला असता.

कागदावरील निष्ठेपायी हा मनुष्य पुढे राज्यसत्तेशीही भिडला. २५ एप्रिल १९२६ रोजी पुच्चिनीचा अपुरा राहिलेला ‘तुरांदोत’ ला स्कालात प्रथम झाला, तेव्हा रचनाकाराची लेखणी जेथे मृत्यूने थांबवली तेथे तोस्कानिनीने छडी खाली ठेवली, श्रोत्यांस दोन शब्दांत कारण सांगितले, आणि दुसऱ्याच्या हाताने पुरा केलेला शेवट त्या रात्री वाजवला नाही. १९३१ साली बोलोन्यात फॅसिस्ट पक्षाचे गीत वाजवण्याचे त्याने नाकारले, तेव्हा नाट्यगृहाच्या दाराशी पक्षाच्या गुंडांनी त्याला मारहाण केली. त्याच सुमारास आमच्या मराठवाड्यात निजामाच्या ‘गश्ती’ फिरत होत्या आणि जाहीर सभेस सरकारची पूर्वपरवानगी लागत होती; हुकूमशाहीस गाणे आणि भाषण या दोहोंची सारखीच धास्ती वाटते. इटलीत छडी उचलणे त्याने मग सोडले, ते मुसोलिनीचा अंमल संपेपर्यंत. बॉम्बवर्षावातून पुन्हा उभारलेले ला स्काला ११ मे १९४६ रोजी उघडले तेव्हा तो अमेरिकेहून परतला, वयाच्या ७९ व्या वर्षी. १६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा अंत झाला. इतके सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की द्यबुसी आणि शुमान यांच्या वाद्यलेखनात त्याने स्वतः बऱ्याच दुरुस्त्या केल्या होत्या. म्हणजे रोगण खरवडणाऱ्यानेही कोठे कोठे आपला कुंचला फिरवलाच.

आता ज्यांच्यासाठी हा सारा प्रपंच मांडला त्या मुंबईकराकडे येतो.

मुंबईत रॉयल ऑपेरा हाऊस होते. १९११ साली, इमारत पुरी होण्याआधीच, पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. परंतु त्याच्या कपाळी ऑपेरापेक्षा बालगंधर्व, मास्टर दीनानाथ आणि मग सिनेमाच अधिक लिहिला होता. पाश्चात्त्य संगीताचा खरा संसार पारशी आणि गोवेकर घरांतून चालत असे. मेहली मेहता नावाच्या बहुतांशी स्वशिक्षित पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारण्यात पुढाकार घेतला, आणि २९ एप्रिल १९३६ रोजी त्यांना पुत्र झाला, तो झुबिन. बैठकीच्या खोलीत तालमी, भिंतीपलीकडे व्हायोलिनचे विद्यार्थी, आणि तबकड्यांवर फिरणारी युरोपातली नाट्यगृहे, अशा वातावरणात तो मुलगा वाढला. सेंट झेवियर्समध्ये वैद्यकाच्या वाटेने जाऊ पाहणारा अभ्यास त्याने सोडला आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नास हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकावयास गेला. परक्या शिकाऊ मुलांना मोठ्या संचालकांच्या तालमी पाहण्याची मुभा नव्हती, म्हणून तो आणि क्लाउदिओ अब्बादो हा त्याचा मिलानी सहाध्यायी, दोघेही समूहगायकांच्या मंडळात भरती झाले आणि गायकांच्या रांगेतून वाल्टर व कारायान यांचे हात न्याहाळू लागले. गुरुगृही झाडलोट करीत चोरून विद्या घेण्याची आपली जुनी रीत यापेक्षा फार निराळी नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात सिएना येथील अकादमीतही दोघे एकत्र होते. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा मेहतांनी जिंकली. आणि मग माँट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क या मजला त्यांनी ज्या वेगाने मारल्या, त्याची जंत्री देण्यात मला रस नाही.

मला रस आहे तो त्यांच्या आणि तोस्कानिनीच्या पावलांच्या ठशांत. तोस्कानिनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये १९०८ साली प्रथम उभा राहिला तो ‘आयदा’साठी, मेहता तेथे २९ डिसेंबर १९६५ रोजी प्रथम उभे राहिले तेही ‘आयदा’साठीच. मेहतांच्या जन्मवर्षीच, २६ डिसेंबर १९३६ रोजी, युरोपातून परागंदा झालेल्या ज्यू वादकांचा नवा वाद्यवृंद तेल अवीवमध्ये उभा राहिला तेव्हा त्याचा पहिला जलसा, एक पैसा न घेता, तोस्कानिनीने केला. त्याच वाद्यवृंदाशी मेहता १९६१ पासून जोडले गेले आणि २०१९ पर्यंत त्याचे प्रमुख राहिले. आणि ‘तुरांदोत’ची गाठ तर याहून घट्ट आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

१९८५ साली फ्लॉरेन्सच्या माज्जो म्युझिकाले या संस्थेने मेहतांना आपले प्रमुख संचालक नेमले, आणि २०१७ पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, ते त्या जागी होते. ज्या शहरात ऑपेरा जन्मला, जेथून लुल्ली पॅरिसला गेला, त्या शहराने आपल्या सर्वांत देशी कलेचा कारभार मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडे एका पिढीहून अधिक काळ सोपवला, आणि त्या गृहस्थाने या साऱ्या अवधीत भारताचे नागरिकत्व सोडले नाही. अशी उलटी मुलूखगिरी आपल्या इतिहासात फार थोड्यांनी केली आहे. भारत सरकारने त्यांना १९६६ साली पद्मभूषण आणि २००१ साली पद्मविभूषण दिले. परंतु मराठी पुस्तकांत त्यांच्यासंबंधी जे मिळते ते बहुधा दोन ओळींच्या कौतुकापलीकडे जात नाही, ही आपली उणीव आहे.

मात्र हा कारभारी तोस्कानिनीच्या जातीचा नव्हे. ७ जुलै १९९० रोजी रोममधील काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या भग्नावशेषांत पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास या तिघा गायकांना एकत्र आणून, फ्लॉरेन्स व रोम येथील दोन वाद्यवृंद एकवटून, मेहतांनी जो जलसा केला, तो मी दूरदर्शनच्या पडद्यावर पुष्कळ नंतर पाहिला. गायक लांबवतो तेथे छडी थांबते, गायक डोळा मिचकावतो तेथे संचालक हसतो, आणि अखेर श्रोत्यांच्या आग्रहाखातर पदे पुन्हा म्हटली जातात. तोस्कानिनीने मिलानमध्ये मोडून काढलेला वन्स मोअर काराकाल्लात सन्मानाने परतला, आणि तो परत आणणारा माणूस मुंबईचा होता! शुद्धतावाद्यांना हे रुचले नाही. मला त्यात गंधर्वांच्या मागे बसलेल्या साथीदारांची सवय दिसते: गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास ठेवण्याची, आणि तो पुढे गेला तर मागून जाऊन त्याला सम गाठू देण्याची. हे मेहतांनी आपल्याकडून घेतले असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्यांचे बालपण बेथोव्हेन आणि ब्राम्स यांच्यात गेले. परंतु गायकांना ते हवेसे का वाटत, याचे दुसरे कारण मला सापडत नाही.

‘तुरांदोत’ त्यांनी १९७२ साली ध्वनिमुद्रित केला, जोन सदरलंड, पावारोत्ती आणि काबायेसह. आणि १९९८ च्या सप्टेंबरात फ्लॉरेन्सची सारी मंडळी घेऊन, झांग यिमोऊ या चिनी दिग्दर्शकाच्या साहाय्याने, तो खुद्द पेकिंगच्या राजवाड्याच्या परिसरात उभा केला, जेथे ती कल्पित राजकन्या राहत होती अशी पुच्चिनीची कल्पना. त्यांनी तो दुसऱ्याने पुरा केलेल्या शेवटासह केला, जेथे तोस्कानिनी थांबला होता तेथे थांबले नाहीत. रोगणासकट, असे कोणी म्हणेल. परंतु अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी मी लहानपणी पाहिला तो चेक्कोनीच्या पिवळ्या रोगणातूनच, आणि तो डोळ्यांपुढून कधी गेला नाही. तेव्हा माझा कौल असा: ‘आयदा’ ऐकावयाचा तर तोस्कानिनीचा १९४९ चा ऐकावा, आणि ‘तुरांदोत’ मेहतांचा.